वाचक विचारतात : कराडचा वकील, नाशिकचा खासदार

मागच्या अंकात नाशिकच्या आजवरच्या खासदारांची यादी एका चौकटीत छापली होती, त्यातल्या एकाच नावावर इतके प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. नाव अर्थातच यशवंतराव चव्हाण. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, रागावू नका. आणि मी स्वतः वकिलीतली बाई आहे, त्यामुळे वकिलांना झुकतं माप दिलंय असं कुठे वाटलं तर सरळ कळवा, छापू.

ताई, यादीत १९६३ समोर यशवंतराव चव्हाण लिहिलंय. ते तर कराडचे ना? छपाईत काही घोळ झालाय का? – एक वाचक, सातपूर

घोळ नाही भाऊ, बरोबर आहे. यशवंतराव १९६३ ते १९६७ नाशिकचे खासदार होते. आपल्या गावातच हे निम्म्या लोकांना माहीत नसतं याचंच मला जास्त नवल वाटतं.

झालं असं की ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, आपल्या सैन्याची वाईट परवड झाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतलं. ते तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, राज्य होऊन अडीच वर्षंच झालेली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे वाक्य तेव्हापासूनचं, अजून भाषणांत चालतं. नोव्हेंबरमध्ये ते दिल्लीला गेले, इकडे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले.

आता मुख्यमंत्री असतो आमदार, खासदार नसतो. केंद्रात मंत्री म्हणून शपथ घेता येते, पण घटनेच्या ७५व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांच्या आत संसदेच्या कुठल्यातरी एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाहीतर मंत्रिपद जातं. लोकसभेसाठी त्याच मतदारसंघात राहायला पाहिजे अशी अट नाही, देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. म्हणून कराडच्या माणसाला नाशिकहून उभं राहता आलं. १९६२ ला नाशिकमधून काँग्रेसचे गो. ह. देशपांडे निवडून आले होते, ती जागा रिकामी झाली, १९६३ मध्ये पोटनिवडणूक लागली, आणि चीनचं संकट ताजं असल्यामुळे संरक्षणमंत्र्याच्या विरोधात कुणी उभंच राहिलं नाही. यशवंतराव बिनविरोध निवडून आले.

दोघातिघांनी विचारलंय की म्हणजे आमच्या आजोबांनी त्यांना मत दिलंच नाही का? नाही दिलं. मतदानच झालं नाही. एका जागेला एकच उमेदवार उरला की निवडणूक अधिकारी त्याला तिथल्या तिथे विजयी जाहीर करतो, कायदा आजही तोच आहे. २०२४ ला सापुताऱ्यापलीकडे सुरतेत तेच झालं, फक्त तिथे अर्ज बाद होणं आणि माघारी यावरून भरपूर बोंबाबोंब झाली, १९६३ ला ती झाली नव्हती.

पण यावरून नाशिक म्हणजे काँग्रेसच्या खिशातलं गाव होतं असं समजू नका हं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच नाशिकने दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं होतं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे, काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब. आणि तेव्हा मराठी-गुजराती मिळून असलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री कोण, तर यशवंतरावच! लोकांच्या रागाचा सगळा मारा त्यांच्यावर होता, कराडला विधानसभेची त्यांची स्वतःची जागा निसटत्या मतांनी वाचली होती. सहा वर्षांत तेच नाशिक त्याच माणसाला लढतीशिवाय देतं हे मला त्या बिनविरोध होण्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

माझे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. ते कायम म्हणायचे की कारखाना चव्हाण साहेबांनी आणला, आपल्या मतदारसंघाला गिफ्ट दिलं. खरं आहे का? – एक वाचक, ओझर

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे असं म्हणते, अर्धं का ते सांगते.

मिग-२१ विमानं इथे बनवायची हा सोव्हिएत युनियनशी करार ऑगस्ट १९६२ चा, म्हणजे मेनन संरक्षणमंत्री असतानाचा. यशवंतराव तेव्हा मुंबईत सचिवालयात. त्यामुळे मिग यशवंतरावांनी आणलं हे काही खरं नाही. पण पुढचं सगळं त्यांच्या काळातलं. ऑगस्ट १९६३ मध्ये मिगसाठी एरॉनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही वेगळी सरकारी कंपनी काढली, ऑक्टोबर १९६४ मध्ये ती बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन आजची एचएएल झाली, आणि ओझरचा विभाग १९६४ चा. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव आणि नाशिकचे खासदारही यशवंतराव, मग लोकांनी दोन आणि दोन चार केले तर त्यात नवल काय.

फक्त काम तीन ठिकाणी वाटलं होतं हे विसरू नका. विमानाचा सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कोरापूटला काही संरक्षणमंत्र्यांचा मतदारसंघ नव्हता. म्हणून गिफ्ट हा शब्द मी वापरणार नाही, त्याने त्या कारखान्यात घाम गाळलेल्या तुमच्या वडिलांच्या पिढीचाही थोडा अपमानच होतो. मिगनंतर तिथे सुखोई-३० आलं, ओझर टाउनशिप उभी राहिली, टर्नर-फिटरची एक अख्खी पिढी तयार झाली, त्यातले कितीतरी पुढे सातपूर-अंबडला छोटी वर्कशॉप टाकून बसले.

सातपूरचा विषय निघालाच तर, औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, यशवंतराव मुख्यमंत्री असताना. जिल्हा परिषद, पंचायत समिती ही रचना त्याच वर्षी १ मेपासून सुरू झाली. माझं मत विचाराल तर नाशिकवर त्यांचा खासदार म्हणून जेवढा ठसा आहे त्याच्या दुप्पट मुख्यमंत्री म्हणून आहे, पण विमान डोक्यावरून गर्जत जातं आणि जिल्हा परिषद काही गर्जत नाही.

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यशवंतराव वकील होते असं सगळीकडे लिहितात पण त्यांची एकही केस कुठे वाचायला मिळत नाही. खरंच प्रॅक्टिस केली होती का? – एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

केली होती गं, पण फार थोडी. वडील कोर्टात बेलीफ होते, म्हणजे समन्स घेऊन दारोदार जाणारा माणूस, आणि ते यशवंतराव अगदी लहान असतानाच प्लेगमध्ये गेले. आई विठाईंनी मुलं वाढवली. ज्या घराने कोर्ट बेलिफाच्या बाजूने पाहिलं त्या घरातला मुलगा काळा कोट घालून उभा राहतो, याचं त्या काळात केवढं अप्रूप असेल बघ. मध्ये १९३२ मध्ये स्वातंत्र्य चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा भोगून झाली, १९३८ ला बीए, १९४१ ला पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएलबी, मग कराडला वकिली. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये ‘चले जाव’! ते भूमिगत, सातारा जिल्हा पेटलेला, नवऱ्यामुळे वेणूताईंनाही तुरुंग बघावा लागला. तिथे प्रॅक्टिस संपली म्हणायला हरकत नाही. १९४६ ला आमदार झाले, तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या हाताखाली संसदीय सचिव, आणि मग मागे वळून कोर्टाकडे पाहिलंच नाही. मोरारजींचं नाव लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात परत येणार आहे.

त्यामुळे केस शोधू नकोस, सापडली तरी जमिनीच्या बांधाची नाहीतर उसनवारीची सापडेल. वकिली शोधायची असेल तर संयुक्त महाराष्ट्राचा सगळा काळ वाच. त्यांनी नेहरूंची बाजू उघडपणे घेतली, इकडे लोकांनी अक्षरशः शिव्या घातल्या, गद्दार म्हणाले. पण ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचा विश्वास टिकवायचा, तारीख घ्यायची, परत तारीख घ्यायची, आणि एक दिवस त्यालाच वाटायला लावायचं की हा निकाल माझाच होता, हे आम्ही रोज जिल्हा न्यायालयात करतो. द्वैभाषिक चालत नाही हे नेहरूंना आणि दिल्लीला पटवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अर्थात रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्र समिती नसती, आचार्य अत्रे, एसेम जोशी, डांगे नसते आणि १०६ (काही जण १०५ मानतात) हुतात्मे झाले नसते तर नुसत्या चर्चेने काही झालं नसतं, हेही तितकंच खरं. मोर्चा आणि वकील दोन्ही लागतात, श्रेय मात्र कुणी वाटून घेत नाही.

तुम्ही कौतुकच कराल हे माहीत आहे तरी विचारतो. हा माणूस आयुष्यभर कुंपणावर बसला. १९६९, १९७८, १९७९, दर वेळी तळ्यात-मळ्यात. पंतप्रधान होण्याची लायकी असून झाला नाही तो त्यामुळेच. छापा हिंमत असेल तर. – एक वाचक, सिन्नर

घ्या, छापलं. आणि उत्तर सगळ्यात मोठं तुम्हालाच देते कारण प्रश्न सगळ्यात चांगला तुमचाच आहे.

१९६९ ला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायचा होता. काँग्रेसच्या संसदीय मंडळात यशवंतरावांनी इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं, मोरारजी, कामराज, स. का. पाटील यांच्यासोबत. मग बाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढलं, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, पक्ष फुटला, आणि यशवंतराव फुटीनंतर राहिले इंदिराबाईंकडेच. बाई विसरल्या नाहीत. १९७० मध्ये गृहखातं त्यांच्याकडून घेतलं, अर्थ दिलं, १९७४ मध्ये परराष्ट्र दिलं. कागदावर सगळी मोठी खाती, पण ज्या खात्यात पोलीस आणि राज्यं हातात असतात ते गेलं ते तेव्हा गेलंच.

१९७७ ला जनता लाटेतही साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ ला परत फूट, या वेळी इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला, ब्रह्मानंद रेड्डींच्या काँग्रेसमध्ये. आणि जुलै १९७९ मध्ये सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला तो यशवंतरावांनी. सरकार कुणाचं? मोरारजींचं! ज्यांच्या हाताखाली १९४६ ला पहिली पायरी चढली त्यांच्याच विरुद्ध ठराव, आणि मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. मग चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान. ते सरकार तर लोकसभेला सामोरंच गेलं नाही, इंदिराबाईंनी पाठिंबा काढला आणि संपलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावापुढे उपपंतप्रधान हे पद लागलं ते असल्या काळजीवाहू सरकारात, मला तरी हे वाचताना दरवेळी चुटपुट लागते. १९८० ला अर्स काँग्रेसकडून (रेड्डी काँग्रेसचंच पुढचं रूप) सातारा राखलं, आणि १९८१ ला परत इंदिराबाईंच्या पक्षात. तिथेही त्यांना बरंच ताटकळत ठेवून मग घेतलं. पुढे आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं, १९८३ ला वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत ते स्वतः गेले.

तर कुंपण दिसतं, नाकारत नाही. पण आता दुसरी तारीख बघा, १ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसलेत, लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संध्याकाळच्या तोंडाला संरक्षणमंत्र्यांकडे आलेत, विमानं वापरायला परवानगी पाहिजे. हवाई दल युद्धात उतरवलं म्हणजे प्रकरण कुठच्या कुठे जाऊ शकतं, आणि तीन वर्षांपूर्वी चीनच्या वेळी लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. यशवंतरावांनी फार खल न करता काही मिनिटांत होकार दिला, अंधार पडायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. त्यात आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली, म्हणजे निर्णयाची किंमतही त्याच संध्याकाळी समोर आली, पण निर्णय फिरवला नाही. हा माणूस कुंपणावरचा वाटतो का? आणि हे करताना तो नाशिकचा खासदार होता, सिन्नरकर, म्हणजे तुमच्याच जिल्ह्याचा.

माझं मत असं की खातं समोर असलं, फाइल समोर असली, जबाबदारी कुणाची हे स्पष्ट असलं की यशवंतराव पटकन ठरवायचे. स्वतःचं काय, मी कुणाच्या बाजूला, हा प्रश्न आला की अडायचे. चांगला वकील दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पाठ करून येतो, समोरच्याचा जास्तच. अशीलाच्या कामाला हे उत्तम, कारण कुठल्या बाजूने बोलायचं ते वकीलपत्राने ठरवलेलं असतं. पण जेव्हा अशील तुम्ही स्वतः असता आणि वकीलपत्रही तुम्हालाच द्यायचं असतं तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच बरोबर वाटायला लागतात, मग उशीर होतो, आणि दिल्लीत उशिराला माफी नाही. बेरजेचं राजकारण हे त्यांचं नाव घेऊन सगळेच सांगतात. शेकापमधून, समाजवाद्यांकडून माणसं जोडली, महाराष्ट्रात ते जमलं कारण इथे बेरीज करणारे ते एकटे होते. दिल्लीत समोर वजाबाकी करणारी बाई होती.

पंतप्रधान त्यामुळेच झाले नाहीत का? त्यामुळेही. पण १९६६ ला शास्त्रीजी गेले तेव्हा मराठी नेत्याच्या मागे उभं राहील एवढं संख्याबळ महाराष्ट्राबाहेर होतं कुठे? तो हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

मी सीबीएसजवळ कोर्टात प्रॅक्टिस करतो, वय २९. राजकारणात यायचंय, पुढेमागे लोकसभाही. खासदार झालो तर सनद (वकिलीचा परवाना) परत करावी लागते का? उज्ज्वल निकम साहेबांसारखं थेट राज्यसभेवर जाता येतं का? – एक वकील बंधू

सनद परत करावी लागत नाही. खासदार-आमदारांना वकिली करायला बंदी घाला अशी याचिका सुप्रीम कोर्टात झाली होती, सप्टेंबर २०१८ मध्ये कोर्टाने ती फेटाळली, कारण खासदार हा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, अशा नोकराला वकिलीची मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम त्याला लागू होत नाही. मंत्री झालात तर मात्र कोट खुंटीला टांगायचा. आणि एक महत्त्वाचं, सरकारी वकील असाल किंवा सरकारी पॅनेलवर नाव असेल तर अर्ज भरण्याच्या आधी ते सोडा, लाभाच्या पदाचा मुद्दा निघून अख्खी निवडणूक धोक्यात येते, वकिलाची अशी चूक झाली तर बार रूममध्ये लोक आयुष्यभर हसतील.

लोकसभेला वय २५ पुरे, राज्यसभेला ३० पूर्ण लागतं. अनामत २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीला साडेबारा हजार. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, आणि ते ऐकून तुम्ही हसला असाल तर तुम्हाला राजकारण थोडंफार कळतं.

निकम साहेबांचं म्हणाल तर ते थेट गेले नाहीत. जळगावचा हा माणूस, १९९३ चा बॉम्बस्फोट खटला, कसाबचा खटला, घराघरात नाव पोचलेलं, तरी २०२४ ला मुंबई उत्तर मध्यमध्ये वर्षा गायकवाडांकडून १६ हजारांवर मतांनी हरले. २०२५ च्या जुलैत राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं, अशा नेमणुकीच्या बारा जागा असतात, त्यासाठी अर्ज करायची सोय नाही. कोर्टातलं नाव आणि मतपेटी यांचं फारसं जमत नाही हे जुनंच आहे. तुलना म्हणून नाही, पण बाबासाहेब आंबेडकरांसारखे बॅरिस्टर १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात लोकसभेला हरले, त्यांना राज्यसभेतूनच संसदेत जावं लागलं. तुम्ही आधी वॉर्डातून सुरुवात करा. गटार, नळ, घरपट्टी. त्यात दोन्ही बाजू ऐकायची सवय कामाला येते, आणि स्वतःची बाजू कुठली ते जरा लवकर ठरवा एवढंच.

गंगाघाटावरचं यशवंतराव महाराज पटांगण यशवंतराव चव्हाणांच्याच नावाचं आहे ना? – दोन वाचक, पंचवटी आणि इंदिरानगर

अहो नाही! पंचवटीकराने हे विचारावं म्हणजे कमाल झाली. ते यशवंतराव महाराज म्हणजे देवमामलेदार, सटाण्याचे मामलेदार, एकोणिसाव्या शतकातले, दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडला म्हणून लोकांनी देव केलं. चव्हाणांच्या नावाचं बघायचं तर गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं, आणि त्र्यंबक रोडचं तारांगण. मुलांना सुट्टीत तारांगणाला न्या, जायच्या आधी शोच्या वेळा मात्र फोन करून विचारून घ्या.